दर्शनी पडदा

खाडीकाठी एक गाव होतं. गावात ग्रामदेवतेचं देऊळ होतं आणि देवळाचा उत्सव माघात पाच दिवस चालायचा. चौथ्या रात्री नाटक असायचं. एखाद्या वर्षी आंबा गेला, एखाद्या वर्षी मासळी मिळाली नाही, पण नाटक झालं नाही असं वर्ष गावाला आठवत नव्हतं. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून यायचे आणि देवापुढे नारळ ठेवून झाला की पहिली चौकशी करायचे ती नाटकाची.

नाटक गावातलीच माणसं करायची. कुणी पोस्टात, कुणी एसटीत, कुणी स्वतःच्या बागेत राबणारं. पैसे कुणालाच मिळत नव्हते. दिवे आणि माईक तालुक्याहून भाड्याने यायचे. मंडळाच्या मालकीचं म्हणावं तर चार रंगवलेले पडदे होते, राजवाड्याचा, रस्त्याचा, जंगलाचा आणि घराचा. आणि सगळ्यांच्या पुढे तांबडा दर्शनी पडदा. त्याच्या खालच्या कडेला लांबलचक वासा बांधलेला होता. दोर ओढला की पडदा वाशाभोवती गुंडाळत वर जायचा आणि दोर सोडला की उलगडत खाली यायचा.

नाटक बसवायचे गुरुजी. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनीच अक्षरओळख करून दिली होती. दिवाळी झाली की ते देवळाच्या सभामंडपात सतरंजी अंथरून बसायचे. ज्याला काम करायचं असेल त्याने यायचं, गुरुजी देतील ते पान वाचायचं आणि गुरुजी सांगतील ते ऐकायचं.

त्या वर्षी गुरुजींनी राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' काढलं. नाटक पाच अंकांचं, त्यांनी तीन अंकांत बसवलं. पदांपैकी मोजकी ठेवली आणि शेवट नायकाच्या, सुधाकरच्या वाक्यावर आणला. हेच नाटक का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मागच्या पावसाळ्यात गावातली दोन तरणी माणसं दारूने गेली होती.

गावात एक तरीवाला होता. खाडीवर पूल झाल्यापासून होडीला गिऱ्हाईक कमी झालं होतं, पण पलीकडच्या वाडीची माणसं अजून त्याच्याच होडीने यायची. त्याला सगळे भाऊ म्हणायचे. भाऊचा आवाज मोठा गोड आणि मोठा भारी होता. अल्याडहून त्याने हाक दिली की पल्याडचा माणूस घरातून बाहेर यायचा. आजवर नाटकात त्याने राजे केले होते, राक्षस केले होते. सुधाकर करायची मात्र त्याची फार दिवसांची इच्छा होती. होडी वल्हवता वल्हवता त्याने सुधाकरची भाषणंच्या भाषणं पाठ केली होती.

निवडीच्या दिवशी भाऊ पुस्तक न घेता उभा राहिला. शेवटच्या अंकातलं भाषण त्याने असं म्हटलं की देवळाबाहेर खेळणारी मुलं दारात येऊन थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी मान डोलावली आणि म्हणाले, "आता हे पहिल्या अंकातलं वाच."

भाऊने तेही तसंच वाचलं.

मग पतपेढीत नव्याने लागलेला एक मुलगा उभा राहिला. बारीक अंगाचा, चष्मा लावणारा. त्याचं काहीच पाठ नव्हतं. वाचताना तो दोनदा अडखळला, आवाज तर मागच्या खांबापर्यंतही पोचला नाही. गुरुजी बराच वेळ पुस्तकात बोट घालून बसले. मग त्यांनी सुधाकरसमोर त्या मुलाचं नाव लिहिलं.

सभामंडपात कुजबुज झाली. गुरुजी भाऊकडे वळले.

"भाऊ, सुधाकर आधी वकील आहे. हुशार आहे, मानी आहे. कोर्टात भांडतो, सनद जाते, घरी बसतो, तेव्हा कुठे तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. तू वाचतोस तेव्हा तो पहिल्या पानावरच बुडालेला वाटतो. हा मुलगा वाचत होता तेव्हा मला वाटलं, हा वाचावा. प्रेक्षकाला तसं वाटलं नाही तर त्याच्या पडण्याचं दुःख कुणाला होणार?"

भाऊ काही बोलला नाही. चपला घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी तरीवर आले. वाळूत उलथ्या घातलेल्या होडीवर बसले. म्हणाले, "पडद्यासाठी माणूस पाहिजे."

"दोर ओढायला?" भाऊ म्हणाला. "त्याला माणूस कशाला? कुणीही पोरगा ओढील."

"ओढायला कुणीही चालेल. सोडायला माणूस पाहिजे."

भाऊने होडीच्या भेगेत कापूस ठोकायचं काम चालूच ठेवलं. पण ज्यांच्याकडे पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं त्यांना नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

तालमी सुरू झाल्या. पहिल्या रात्री गुरुजींनी प्रत्येकाला नक्कल दिली. नक्कल म्हणजे ज्याच्या त्याच्या भाषणांची वही. त्यात आपलं भाषण तेवढं पुरं लिहिलेलं असतं आणि समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. जुन्या नाटक मंडळ्यांतली ही रीत. आता गावागावांत झेरॉक्स निघतात, पण गुरुजी अजून हाताने नकला लिहायचे. सुधाकरची वही जाड होती, तळीरामाची तिच्याहून थोडी बारीक, फौजदाराची एकाच पानाची.

सगळ्यांच्या वह्या वाटून झाल्या. भाऊ मागे खांबाला टेकून बसला होता.

"माझी नक्कल?" त्याने विचारलं. विचारण्यात राग होता.

गुरुजींनी अख्खं पुस्तक त्याच्या हातात दिलं. "तुझी ही. सगळ्यांची वाक्यं तुला माहीत पाहिजेत. प्रॉम्प्टर सोडला तर पुरतं पुस्तक फक्त तुझ्याकडे."

मग पेटी बाजूला सारून गुरुजींनी सगळ्यांना नाटकाची हकीकत सांगितली. गडकरी 1919 च्या जानेवारीत गेले. वय अवघं तेहतीस. त्यानंतर महिनाभरात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सुधाकरची बायको सिंधू झाले होते. एरवी भरजरी शालूंसाठी ज्यांचं नाव, ते ठिगळं लावलेलं लुगडं नेसून उभे राहिले. हे सगळं मराठी मुलखाने पाहिलं आणि ज्याने लिहिलं त्याने मात्र या नाटकाचा पडदा वर गेलेला पाहिला नाही.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चला. पहिला प्रवेश."

नायिकेचं काम आजवर बाहेरून आणलेल्या नटीला द्यायची रीत होती. ती बिचारी उत्सवाच्या दिवसांत गावोगावचे प्रयोग करत फिरायची आणि एका रंगीत तालमीवर उभी राहायची. त्या वर्षी पहिल्यांदा गावातल्या अंगणवाडीच्या ताईंनी हात वर केला. त्यांच्या सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनीच पेटीतून जुनं विटलेलं लुगडं काढून दिलं. तळीराम मुंबईला एका कारखान्यात होता. तो आपली नक्कल लोकलमध्ये पाठ करायचा आणि रात्री फोनवरून गुरुजींना म्हणून दाखवायचा. असं करत नाटक आकाराला येत होतं.

भाऊ रोज यायचा. मागच्या खांबापाशी बसायचा, पुस्तक उघडायचा आणि शिसपेन्सिल काढायचा. पडद्याच्या खुणा तेवढ्या करायच्या म्हणून गुरुजींनी पेन्सिल दिली होती. त्या दोन-तीन खुणा पहिल्याच रात्री करून झाल्या. पण पेन्सिल हातात होती, समोर तो मुलगा होता आणि मनात सल होता. भाऊ समासात बारीक अक्षरांत लिहू लागला.

'हात लोंबतात.' 'इथे घाई.' 'मान खाली, शब्द जमिनीला ऐकू जातात.' 'दारू प्यायलेला वाटत नाही, ताप आलेला वाटतो.'

एकेका पानावर अशा पाच-पाच, सहा-सहा नोंदी झाल्या. मुलाचं एकही चुकलेलं पाऊल भाऊच्या नजरेतून सुटलं नाही. घरी गेल्यावर तो कंदिलापाशी बसून त्या पुन्हा वाचायचा. दोष सापडला की त्याला बरं वाटायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

पण जो माणूस रोज दोन-तीन तास एकाच माणसाकडे टक लावून बघतो, त्याला दोषांपलीकडचंही दिसायला लागतं, मनात असो वा नसो. मुलगा घाई करतो ती श्वास पुरत नाही म्हणून, हे भाऊला दिसलं. आधीच्या वाक्यातच श्वास घेऊन ठेवला तर पुढचं वाक्य ओढलं जाणार नाही, हेही कळलं. एका रात्री सिंधू जात्यावर बसलेल्या प्रवेशात मुलगा नुसता दाराशी उभा राहिला, एक शब्द बोलला नाही, आणि भाऊच्या पोटात कालवलं. त्या रात्री समासात एवढंच लिहिलं गेलं, 'आज बरं.'

पुढच्या नोंदी वेगळ्या होत गेल्या. 'श्वास आधी घ्यावा.' 'ताईंनी हात पुढे केल्यावर थांबतो ते चांगलं.' आणि शेवटच्या पानावर, अगदी तळाशी: 'शेवटचं वाक्य बोलायच्या आधी डावा खांदा उचलतो.'

रंगीत तालमीच्या दिवशी भाऊने पहिल्यांदा दोर हातात घेतला. पहिल्या अंकाच्या शेवटी त्याने तो सोडला आणि वासा फळ्यांवर धाडकन आदळला. ताई दचकल्या, तबलजी दचकला. मुलं हसली.

गुरुजी हसले नाहीत. जवळ येऊन म्हणाले, "हा अंक असाच झपकन संपला तर चालेल. पण शेवटचा पडदा असा सोड की लोकांना आधी कळावं नाटक संपलं, आणि मग दिसावं की पडदा आला."

लोक घरी गेल्यावर भाऊ एकटा थांबला. कप्पीला खोबरेल तेल लावलं. दोराला ठरावीक अंतरावर सुतळीच्या गाठी मारल्या, म्हणजे अंधारातही हाताला कळावं की पडदा कुठवर आला. मग पडदा वर नेला आणि एका हातातून दुसऱ्या हातात दोर देत खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. जन्मभर भरतीच्या पाण्यात होडीचे दोर सोडले होते त्याने. वजन अंगावर घेऊन सावकाश कसं सोडायचं हे त्याच्या हातांना ठाऊक होतं, ते त्या रात्री पडद्यालाही कळलं.

उत्सवाची चौथी रात्र आली. पालखी देवळात गेली आणि माणसं पटांगणात बसली. पुढे मुलं, मग बायका, मग पुरुष, आणि अगदी मागे गडग्यावर बसलेले तरुण. शेंगा फुटत होत्या, लेकरं रडत होती, कुणी कुणाला हाका मारत होतं. नारळ फुटला. तिसरी घंटा झाली. नांदी झाली. भाऊने दोर ओढला आणि तांबडा पडदा वर गेला.

पहिले दोन अंक चांगले झाले. तळीरामाच्या दारुड्यांच्या मंडळाला लोक पोट धरून हसले. मध्यंतरात चहा झाला. तिसऱ्या अंकात मात्र हसणारं पटांगण हळूहळू गप्प होत गेलं. ताई ताई उरल्या होत्या की सिंधू झाल्या होत्या, कोण जाणे. बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येत होते. पतपेढीतला मुलगा आता चष्म्याविना, विस्कटलेला, सिंधूपाशी गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या तोंडी शेवटची चार वाक्यं होती. तीन झाली.

चौथं आलं नाही.

तालमीच्या वेळी आजूबाजूला काही ना काही चालूच असायचं. कुणी खोकायचं, पेटीवाला बोटं मोडायचा, बाहेर कुत्रं भुंकायचं. त्या रात्री एवढी माणसं बसली होती आणि शेंगसुद्धा फुटत नव्हती. एवढी शांतता त्या मुलाने आयुष्यात कधी ऐकली नव्हती. ती त्याच्या अंगावर आली आणि वाक्य घशातच राहिलं.

प्रॉम्प्टरने वाक्य सांगितलं. मुलाला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. समोरच्या विंगेत उभा असलेला फौजदार हातांनी खुणा करू लागला, सोड, पडदा सोड. तळीरामही तेच खुणावू लागला.

भाऊच्या हातात दोर होता. सोडला असता तर कुणी त्याला बोल लावला नसता. उलट प्रयोग सांभाळला असंच म्हटलं असतं. आणि उद्या सकाळी विहिरीवर, दुकानात, एसटीच्या थांब्यावर गाव म्हणालं असतं, पोरगा शेवटी विसरला. भाऊ असता तर विसरला नसता. हे सगळं भाऊच्या मनात येऊन गेलं. तो माणूस होता, येणारच.

त्याने मुलाच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं.

खांदा खालीच होता. उचलला गेला नव्हता. म्हणजे वाक्य अजून यायचं होतं. भाऊने दोराला हाताभोवती आणखी एक वेढा दिला आणि तसाच उभा राहिला. फौजदार दात ओठ खात होता. भाऊने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किती वेळ गेला ते नंतर कुणालाच नीट सांगता येईना.

मग डावा खांदा वर आला. मुलाने श्वास घेतला आणि शेवटचं वाक्य बोलला. हळू बोलला, पण गडग्यावरच्या शेवटच्या माणसाला ते ऐकू गेलं. भाऊने वेढा सोडवला. एक गाठ, दुसरी गाठ, तिसरी गाठ. वासा फळ्यांना टेकला तेव्हा काहीच वाजलं नाही.

लोक उठले ते बऱ्याच वेळाने. मग एकच गर्दी विंगेत शिरली. मुलाच्या पाठीवर थापा पडत होत्या. "काय थांबलास रे शेवटी! जीव घशात आला." जो तो त्या थांबण्याचंच बोलत होता. मुलगा सगळ्यांच्या डोक्यांवरून कुणाला तरी शोधत होता.

पात्रनिवड झाली की एकाला भूमिका मिळते आणि चार जण आपापल्या घरी परततात. कुठल्याही गावात, कुठल्याही मंडळात हे असंच होतं, कारण नाटकात सुधाकर एकच असतो. निवडलेल्याच्या गुणांवर एक प्रयोग रंगतो. पण मंडळ पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं ते परतलेल्या चौघांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी तालमीला येतात त्यावर. ते रुसून आले तरी येऊ द्यावेत. भाऊ रुसूनच आला होता. रागाने का होईना, त्याने त्या मुलाकडे जितकं पाहिलं तितकं गावात कुणीच पाहिलं नव्हतं, आणि वेळ आली तेव्हा ते पाहणं त्याने त्याच मुलासाठी वापरलं. माणसाचा मोठेपणा मोजायचा तर तो मला इथे मोजावासा वाटतो. मनात काय आलं यापेक्षा हातातला दोर केव्हा सुटला, यावर.

पहाटे मंडपवाले दिवे उतरवत होते. भाऊ फळ्यांवर बसून दर्शनी पडद्याच्या शिवणीतली माती झाडत होता. मुलगा तोंडावरचा रंग अर्धवट पुसून त्याच्या शेजारी येऊन बसला.

"भाऊकाका, मला वाक्य सुचत नव्हतं."

"ठाऊक आहे."

"मग तुम्ही पडदा का नाही सोडलात?"

भाऊने पिशवीतून पुस्तक काढलं. कडा दुमडलेल्या, समास काळे झालेले. क्षणभर ते त्याने हातातच धरलं, मग मुलाच्या मांडीवर ठेवलं.

"शेवटचं पान बघ. आणि बाकीचं पण वाच. निम्मं रागाने लिहिलंय, ते मनाला लावून घेऊ नकोस. उपयोगी असेल ते घे."

मुलगा वाचू लागला. काही ठिकाणी त्याचे कान लाल झाले, एका ठिकाणी तो मोठ्याने हसला. ताप आलेला वाटतो, तिथे. मग पानं मागेपुढे करून त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे 'श्वास आधी घ्यावा' म्हणजे कुठून? वाक्याच्या मधूनच?"

"मधून नाही. वाक्याच्या आधी. समोरचा बोलत असतानाच भरून घ्यायचा." भाऊने पडदा बाजूला ठेवला. "शनिवारी पलीकडच्या वाडीत आपला दुसरा प्रयोग आहे. ऊठ, उभा राहा. मी रामलालचं वाक्य बोलतो, तू सुरू कर."